आधी भाता, मग बोटं

प्रश्न असा आला आहे: "वय ४७. नोकरी रत्नागिरीत, घर राजापूरजवळच्या एका वाडीत. आजोबांची हातपेटी (हार्मोनियम) माळ्यावर पडून होती, ती खाली काढली आहे. गाणं-वाजवणं कधी शिकलेलो नाही. गणपतीत वाडीतल्या आरत्यांना, आणि पुढेमागे जमलं तर भजनाला पेटी धरावी अशी फार इच्छा आहे. या वयात बोटं वळतील का? शिक्षक लावू की व्हिडिओ बघून शिकू? रोज किती वेळ द्यावा लागेल? आणि ही जुनी पेटी चालेल का?"

बोटं वळतात. तीस वर्षं कुडाळच्या आसपास पेटी शिकवतो आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसं पुष्कळ असतात, आणि जवळजवळ प्रत्येकजण दारातच विचारतो, "बुवांनू, माझ्याच्यान ह्या होतला काय?" बोटांमुळे पेटी सोडलेला माणूस मला आठवत नाही. सोडणारे दुसऱ्याच कारणाने सोडतात.

शाळेतल्या मुलाला पेटी दिली की ते चुकीचं वाजवतं आणि खुशाल वाजवत राहतं. काय चुकलं ते त्याला ऐकूच येत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही चाळीसेक गणपती पाहिलेत. आरती कुठे चढते, कुठे खाली येते, झांज कुठे पडते हे सगळं तुमच्या कानात पक्कं बसलेलं आहे. कान ४७ वर्षांचा आणि हात पहिल्या दिवसाचा. त्यामुळे महिनाभरात तुम्हाला स्वतःचं वाजवणं ऐकवेनासं होतं, आणि वाटतं की आपल्यात काही नाहीच. खरं तर कान तयार आहे म्हणूनच चूक ऐकू येते. मोठेपणी शिकणाऱ्याची हीच मोठी शिदोरी आहे. म्हणून मी मोठ्या माणसांना मुलांसारखं शिकवत नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून गायला लावतो. आवाज कसाही असो, जो सूर पट्टीवर दाबायचा तो आधी गळ्यातून काढायचा. मग बोटाला कुठे जायचं ते कानच सांगतो, वहीत बघावं लागत नाही.

पण त्याही आधी भाता.

नवीन माणसाचं सगळं लक्ष उजव्या हातावर असतं आणि डावा हात चुलीत फुंकर घालावी तसा भाता मारत असतो. पेटीत भाते दोन. मागचा, जो आपण हाताने हलवतो, तो हवा आत ढकलतो. ती पोटातल्या दुसऱ्या भात्यात साठते, त्याच्यावर स्प्रिंगचा दाब असतो, आणि सुरांना, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी जिभांना, हवा मिळते ती या पोटातल्या भात्यातून. म्हणजे तुमच्या हाताचं काम सूर वाजवणं नाही, पोट भरलेलं ठेवणं आहे. ते एकदा रिकामं झालं की प्रत्येक हिसका सुरात ऐकू येतो, "हूंऽ-हूंऽ-हूंऽ" असा. कोणतीही आरती त्याच्यावर वाजवा, बेसूर नसूनही बेसूर वाटते.

म्हणून पहिले दहा दिवस एकच काम. एक पट्टी दाबायची, तोच सा लावायचा, आणि चार मात्रांत एकदा या गतीने भाता सावकाश लोटायचा. डाव्या हाताची बोटं भात्याच्या वरच्या काठावर, कोपर अंगालगत, खांदा सैल. सूर फुगता कामा नये, बसता कामा नये. परीक्षाही सोपी आहे. घरातल्या कुणालातरी पलीकडच्या खोलीत बसवा आणि भाता कधी मारला ते ओळखायला सांगा. ओळखता आलं नाही तर भाता जमला. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येत. त्यांनी हा धडा तीन आठवडे केला, नातवंडं कंटाळली, त्या नाही. आज त्या हरिपाठाला साथ करतात आणि त्यांच्या पेटीचा नुसता सा ऐकला तरी समाधान होतं. हे दहा दिवस गाळून पुढे गेलेले लोक दोन-तीन वर्षांनी पुन्हा याच जागी आलेले मी पाहिले आहेत, आणि तेव्हा लागलेली सवय मोडायला कितीतरी जास्त दिवस गेले.

आता बोटं. वेंगुर्ल्याकडचे एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे प्रमुख, माझ्याकडे पावसात यायचे, मासेमारी बंद असते तेव्हा. आयुष्यभर दोर ओढून बोटं इतकी जाड झालेली की एक पट्टी दाबली की शेजारची वाजायची. पहिल्या दिवशी ते हात मांडीवर ठेवून गप्प बसले. मी त्यांचा हात जवळून पाहिला तर बोट आडवं पडत होतं, पेराची सगळी गादी पट्टीवर. बोट जरा वाकवून शेंड्याने दाबायला सांगितलं, मुठीत लिंबू धरल्यासारखा तळवा गोल. त्याच बोटाला आता पट्टीवर निम्मी जागा लागायला लागली. शिवाय सुरुवात काळ्या पट्ट्यांवर करून दिली. काळ्या पट्ट्या वर उचललेल्या आणि एकमेकींपासून सुट्या, त्यामुळे शेजारणीला धक्का लागत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ते आरत्या वाजवत होते. तुमची बोटं कळफलकावर किंवा वहीवर चाललेली असणार, त्यांच्यापेक्षा मऊच असतील.

काळ्या पट्ट्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण मोठ्या माणसाला "असं का" हे कळलं की हात लवकर चालतो. आपल्याकडे पट्ट्या मोजतात त्या अशा: पांढरी एक, तिच्यापुढे काळी एक, मग पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, असं करत काळी पाच, पांढरी सात. बारा पट्ट्यांचं एक सप्तक, त्यात काळ्या पाच. आता काळी तीनला सा माना आणि नुसत्या काळ्या पट्ट्या ओळीने वाजवत वर जा. सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. एकही पांढरी लागत नाही. तर्जनी, मध्यमा, अनामिका ही तीन बोटं सा-रे-ग वर, मग हात उचलून पुढे सरकवायचा आणि काळी एकवर पुन्हा तर्जनी, ती प. मध्यमेवर ध, आणि पुढच्या काळी तीनवर अनामिका, तो वरचा सा. अंगठा सध्या मोकळा. सगळी गोम ग वरून प वर जाताना आहे, तिथे हात अडखळतो. तेवढाच तुकडा, ग-प, प-ग, शंभर वेळा करा, पण गात गात. पुरुषांनी हे खालच्या सप्तकात गावं, गळ्यावर ताण येत नाही.

भूप बसला की त्याच पाच पट्ट्या काळी एकला सा मानून वाजवा. पट्ट्या त्याच, पण आता सा रे म प ध होतं आणि दुर्गा ऐकू येतो. काळी पाचला सा मानलात तर मालकंसाचे सूर. काळी चारवरून मधमाद सारंगाचे, काळी दोनवरून धानीचे. पाच पट्ट्या, आणि सा हलवला की पाच वेगळे चेहरे. माझ्या गुरुजींनी हे मला एका संध्याकाळी काही न बोलता नुसतं वाजवून दाखवलं होतं आणि मी रात्रभर झोपलो नव्हतो. यातून एक गोष्ट हाताला कळते: सूर पट्टीत नसतो, सा पासूनच्या अंतरात असतो. ज्याला हे कळलं तो उद्या भजनातल्या बुवांनी काळी एकऐवजी पांढरी चारमध्ये सुरुवात केली तरी गडबडत नाही. "आधी ही पट्टी, मग ती पट्टी" असे आकडे पाठ करून जे व्हिडिओवरून गाणी शिकतात, ते नेमके इथे अडतात. घरी सुंदर वाजवतात, आणि चार माणसं वेगळ्या पट्टीत, म्हणजे वेगळा सा धरून, गायला लागली की हात बंद.

त्यानंतर तोच भूप काळी एकपासून. तिथे ग, म्हणजे गंधार, पांढरी चारवर येतो, आणि काळ्यावरून पांढऱ्यावर उतरायची पहिली सवय लागते. बहुतेक पुरुषांचा आवाज काळी एक-दोनच्या आसपास बसतो, बायकांचा साधारण काळी चार-पाचच्या. तुमची पट्टी कोणती ते गाऊन ठरवा, दुसऱ्याची उसनी घेऊ नका.

पट्ट्यांवर नावं चिकटवू नका. फार तर सा वर एक टिकली, तीही पंधरा दिवसांत काढायची. वहीचंही तेच. मोठी माणसं सगळं लिहून घेतात आणि मग वही समोर ठेवून वाजवतात, डोळे कागदावर आणि कान रिकामे. लिहा जरूर, पण वाजवताना वही मिटलेली हवी. आणि पहिली चाल अशी निवडा जी तुम्हाला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. तुमच्या बाबतीत ती आरतीच.

वेळेचं विचारलंत. रोज वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. रविवारी दोन तास बसून आठवडाभर पेटीला हात न लावणं याचा उपयोग होत नाही, उलट पाठ धरते. नवीन हालचाल मेंदूत मुरायला मधली झोप लागते. काल न जमलेली जागा आज सकाळी आपोआप जमली, असं तुम्हालाही दिसेल. मांडी घालून बसणं गुडघ्यांना झेपत नसेल तर पेटी टेबलावर ठेवा, खुर्चीत बसा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त उजवं कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. मधुमेह असेल आणि खांदा आखडत असेल किंवा एखादं बोट वाकून अडकत असेल, तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. त्यावर इलाज असतो.

शिक्षक की व्हिडिओ? शिक्षक. भाता फुगतोय, मनगट पडलंय, खांदा वर चढलाय हे व्हिडिओतला माणूस तुम्हाला सांगू शकत नाही. आठवड्यातून एकदा जरी कुणाच्या समोर बसलात तरी पुरतं. मधल्या दिवसांत तंबोऱ्याचं आणि तबल्याचं ॲप मोबाइलवर लावा, त्याचा फार फायदा होतो. शिक्षक कदाचित तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल. त्याला "सर" म्हणताना पहिले दोन दिवस जड जातं, मग जात नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, हार्मोनियमलाही आहेत आणि मोठ्या वयात देता येतात. नेमून दिलेला अभ्यास असला की ज्यांचा हात चालतो, त्यांनी जरूर द्याव्यात. तुम्हाला आरतीला बसायचं आहे. तुम्ही सध्या त्या वाटेला गेला नाहीत तरी चालेल.

त्यापेक्षा एक दुसरी गोष्ट करा, आणि ती आजच करा. तुमच्या वाडीत किंवा शेजारच्या गावात भजन असेलच. तिथे जाऊन बसा, पेटीला हात न लावता. झांज मागा. बुवा स्वतः पेटी वाजवत गातात, पखवाज बाजूला, मागे कोरस, आणि झांज धरणारा त्यांच्या अगदी जवळ. दोन-तीन महिने झांज वाजवलीत की लय अंगात उतरते. लय अंगात नसलेला पेटीवाला कितीही सुरेल असो, त्याच्याबरोबर कुणाला गाता येत नाही. शिवाय त्या जागेवरून बुवांचा हात दिसतो: अभंगाची ओळ संपताना ते कुठे थांबतात, गजर चढायला लागला की पट्ट्यांवर बोट किती कमी फिरतं आणि भाता किती भरलेला असतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावताराच्या नाटकाला जा आणि पेटीवाल्याच्या बाजूला जागा धरा. राजाचं काम करणारा तिथल्या तिथे पद उचलतो, कुठल्या सुरात ते आधी ठरलेलं नसतं, आणि पेटीवाला पहिल्या दोन शब्दांत त्याची पट्टी पकडतो. रात्रभर. ते ऐकणं हीसुद्धा शिकवणी आहे.

पेटीबद्दल कुणी म्हणेल की हे परदेशी वाद्य, यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही, खरं गाणं यात नाही. हे जुनं भांडण आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि १९७१ पर्यंत ती सैल झाली नाही. आक्षेपात तथ्य आहेच. पेटीचे सूर सारख्या अंतरावर बांधलेले असतात, त्यामुळे शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. मींड निघत नाही हेही खरं. पण म्हणूनच मी म्हणतो गात वाजवा. गळा मींड घेतो, पेटी त्याला टेकू देते. तो टेकू किती सुंदर असू शकतो हे ऐकायचं असेल तर पं. तुळशीदास बोरकरांची साथ ऐका. आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्यातल्या बोरीचे. १९३४ चा जन्म, २०१६ मध्ये पद्मश्री. गायकाच्या मागे ते किती कमी वाजवायचे तिकडे लक्ष द्या.

आता आजोबांची पेटी. जुनी आहे म्हणून टाकू नका. जुन्या पेट्यांत पुष्कळदा जर्मन किंवा पॅरिसचे सूर असतात, तसा आवाज आता नव्या पेटीत सहज मिळत नाही. घरच्या घरी एवढं बघा: सगळ्या खुंट्या (ओढल्या की सुरांकडे हवा सोडतात त्या) आत ढकला, कोणतीही पट्टी न दाबता भाता मारून पोट भरा आणि हात काढा. पेटी भरलेली राहिली तर भाता शाबूत. लगेच बसली तर कुठेतरी गळती आहे, बहुधा चामडं फाटलंय किंवा कसरीने खाल्लंय, आणि ते बदलता येतं. मग एकेक पट्टी दाबा. न वाजणाऱ्या सुरांत नुसता केर अडकलेला असतो कितीदा.

पण उघडून स्वतः सूर घासू नका. मी विशीत असताना एक सूर उतरलेला वाटला म्हणून ब्लेडने घासला होता. पितळेची जीभ शेंड्याकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, एवढं ऐकून माहीत होतं. किती घासायचं ते माहीत नव्हतं. सूर चढला तो चढला, मग मुळाशी घासून उतरवायला गेलो आणि जीभ मोडली. ती पेटी माझ्या गुरुजींची होती. ते रागावले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. पेटी कारागिराकडे द्या, सुरात लावून घ्या, आणि तो उघडेल तेव्हा शेजारी बसून बघा.

दुरुस्ती न झाल्यास नवी घ्यावी लागेल. तेव्हा स्केल चेंजर घेऊ नका. त्यात सगळा पट्ट्यांचा साचाच सरकतो. आपल्या दमट हवेत लाकूड फुगलं की तो अडकतो, आणि सा हलवायला शिकायच्या ऐवजी माणूस दांडा सरकवायला शिकतो. साधी, प्रत्येक पट्टीला दोन सूर, खालचा खर्ज आणि त्याच्या वरचा नर, असलेली पेटी पुरे.

कोकणातला पाऊस पेटीचा शत्रू. जूनपासून पट्ट्या फुगून चिकटायला लागतात, सुरांवर हिरवट थर धरतो. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती कापड घाला आणि खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा, बुटांच्या डब्यात येतात त्या. उन्हात वाळत घालू नका, डिंकाचे जोड सुटतात. सुरांना तेल तर कधीच नाही. आणि रोज वाजवा. आत हवा खेळती राहिली की निम्मं काम होतं. माळ्यावर ठेवलेली पेटी पावसात मरते, वाजती पेटी तगते.

गणपतीपर्यंत तीन-चार महिने हातात असतील असं धरतो. तेवढ्यात तुम्ही प्रत्येक ओळ हुबेहूब वाजवाल असं मी सांगत नाही. एवढं मात्र करू शकाल: आरती सुरू व्हायच्या आधी काळी एकचा सा आणि त्याच्याबरोबर प, दोन्ही धरायचे, भाता भरलेला, आणि चारपाच श्वास तसेच धरून ठेवायचे. आपल्याकडे आरती कुणीतरी जोरात उचलतो, ती वरच्या पट्टीत जाते आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत म्हाताऱ्या माणसांचे आवाज बसतात. तुम्ही आधी सा दिलात तर माणसं आपोआप त्यात येतात. मग ध्रुवपद तेवढं सुरावर वाजवा आणि कडव्याला पुन्हा सा-प धरा. वाडीत पाच-सहा घरं फिरेपर्यंत कडव्यांचेही दोन-दोन सूर सापडायला लागतील. एखादी ओळ हुकली तर थांबून शोधत बसू नका, सा धरा, पुढच्या ध्रुवपदाला पुन्हा आत या. देव्यांच्या, म्हणजे आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीच्या, वेळी पेटी बंद ठेवा, ते नुसत्या आवाजातच चांगले लागतात.

पेटी दुरुस्तीला पाऊस पडायच्या आधी द्या. नंतर कारागिराकडे सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागते आणि तुमची मिळते ती विसर्जन झाल्यावर.